काठावरचं नाव

ज्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नाही, ते मालतीच्या हातात होतं. चष्मा आतल्या खोलीत राहिलेला, म्हणून ती ते हात लांब करून खिडकीच्या उजेडात धरून बघत होती.

“अहो, हे येडू वाघमोडे कोण?”

मी पेपर वाचत होतो. म्हणजे त्या क्षणापर्यंत वाचत होतो; पुढे नुसता तोंडासमोर धरला.

“कुठे सापडलं ते?”

“तुमच्या त्या जाड औषधांच्या पुस्तकात. कसर लागलीय त्याला. उन्हात टाकायला काढलं तर हे खाली पडलं.” तिनं पत्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “तुमच्या नावाचं आहे. दोन हजार पाच सालचं. मला कसं माहीत नाही?”

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मालतीला माहीत नसलेली माझी एकच गोष्ट होती, आणि ती एका निळ्या आंतरदेशीय पत्राएवढी होती. तिनं चष्मा आणला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी थांबवलं नाही. थांबवायला काहीतरी बोलावं लागलं असतं.

पत्र नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतून आलं होतं. अजिनाथ गुरुजी नावाच्या शिक्षकानं ते लिहून दिलं होतं. वर नमस्कार, तारीख, आणि ‘खालील मजकूर येडू वाघमोडे यांनी सांगितला तसा त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे’ एवढं शुद्ध. पुढे मेंढपाळ येडूचा आवाज होता:

‘पोरगी बरी हाय. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात एकवीस दिस हुती. आता कोकरामागं पळतीया. आमच्या कागदावर शिक्क्यात तुमचंच नाव हुतं म्हणून तुमाला लिवतोय. त्या दिशी पोरीच्या उशाला बसून औशिदाच्या बाटल्या हातात फिरवत हुतं, त्ये कोण? घाईत नाव इचारायचं राहिलं. बनाबाईनं त्यांच्यासाटी लोकर कातलीया. घोंगडं इणून झालं की काठावर पांढऱ्या लोकरीनं त्यांचं नाव शिवायचं हाय. तरी त्यांचं पुरं नाव आन् गाव कळवावं. भलतंच नाव पडाय नगं. ही इनंती.’

मालतीनं पत्र खाली ठेवलं.

“बाटल्या फिरवणारे म्हणजे आपला बिरुदेवच की हो!”

आपला बिरुदेव. वीस वर्षांनंतरही ते ‘आपला’ माझ्या कानाला टोचलं.

“मग? कळवलंत नाव?”

“राहिलं.”

“राहिलं म्हणजे?”

मी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली.

*

सोलापूरपासून दोन-अडीच तासांवरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी चौदा वर्षं औषधनिर्माता होतो. लोक ‘भाऊसाहेब’ म्हणत. औषधं देण्याची लोखंडी जाळीची खिडकी, तिच्या आत मी, माझ्यामागे कपाटं आणि एक फ्रीज. फ्रीजमध्ये वरच्या खणात सर्पदंशावरच्या लशीच्या बाटल्या असत. लस म्हणतात, पण ती आधी टोचून ठेवता येत नाही, चावल्यावरच द्यायची. त्या बाटल्यांवर माझा फार जीव होता. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही. मी त्यांच्या विषांवर मिळेल ते वाचलं होतं. कुठलं मज्जातंतूंवर जातं, कुठलं रक्त पातळ करतं, सगळं. ‘साप चावल्यास काय करावे, काय करू नये’ असा एक मोठा तक्ता मी स्वतःच्या अक्षरात, तीन रंगांच्या शाईत तयार करून बाहेरच्या भिंतीवर लावला होता. लोक त्याच्या खिळ्याला पिशव्या अडकवत. मी पिशव्या काढून ठेवी, ते पुन्हा अडकवत.

आणि त्या तक्त्याखाली उभं राहून माझ्या जाळीतून आत डोकावून विचारत, “बिरुदेव हाय का हितं?”

बिरुदेव रुग्णालयाचा शिपाई. होटगीचा, धनगराचा. सातवीपर्यंत शिकलेला. स्ट्रेचर ढकलायचा, सलाईनची बाटली धरायचा, नातेवाइकांना पाणी द्यायचा. लोकांना तो डॉक्टरांपेक्षा जवळचा वाटे. साप चावलेला माणूस आला की तो त्याच्या पायाला बांधलेली दोरी सोडवत म्हणायचा, “ही करकचून आवळली कुणी? पाय काय भाड्यानं आणलाय व्हय?” भेदरलेला माणूस हसायचा. हेच मी तक्त्यावर कलम चारमध्ये लिहिलं होतं: ‘दंशाच्या वर घट्ट आवळून बांधू नये.’ ते वाचून कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

घरीही तेच. एकदा मालतीला न्हाणीघरात विंचू चावला. मी पुस्तक काढून विंचवाचं पान शोधत होतो. दातओठ आवळून ती म्हणाली, “ते पुस्तक ठेवा खाली आणि बिरुदेवला हाक मारा.”

मी हाक मारली. काय करणार?

मत्सर हा शब्द मी पुस्तकांतून पुष्कळदा वाचला होता. आपल्याला होतो तो तोच, हे कळायला मला बराच वेळ लागला. मला वाटायचं, मला शिस्त आवडते आणि बिरुदेव जास्त बोलतो, एवढंच.

एका दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला नवी लस आली होती आणि मी नोंद करत होतो. बिरुदेव खोकं धरून उभा होता.

“भाऊसाहेब, ह्यात घोड्याचं रगात आसतंय म्हंत्यात. खरं का?”

मला बरं वाटलं. मी त्याला पाव तास समजावून सांगितलं. घोड्याला विष अगदी थोडं थोडं देतात, त्याचं शरीर त्यावर उतारा तयार करतं, मग त्याच्या रक्तातून तो वेगळा काढतात, वाळवून भुकटी करतात.

“म्हंजी आपल्यासाटी आदी घोडं सोसतंय,” तो म्हणाला.

पाव तासाचं त्यानं एका ओळीत केलं. मला ती ओळ सुचली नव्हती, याचा मला राग आला. तरी खोक्यातला इंग्रजी कागद काढून मी त्याला मराठीत वाचून दाखवला. भुकटीत पाणी सोडल्यावर बाटली हळूच फिरवायची. हलवायची नाही, हलवली तर फेस होतो. विरघळायला वेळ लागतो, धीर धरायचा.

“परत वाचा की येवढं.”

मी परत वाचलं. त्यानं रिकामी बाटली दोन तळव्यांत धरून फिरवून पाहिली, आईबाया वात वळतात तशी. “आसं?”

“हो, असं.”

एवढंच. मी त्याला शिकवलं ते एवढंच.

*

येडू वाघमोडे आला तो बाजाराचा दिवस होता. सप्टेंबरातली दुपार, एक वाजून गेलेला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मधे मुलीला धरून तो आणि त्याची बायको बनाबाई. वाघमोड्यांच्या मेंढ्या तेव्हा आमच्या बाजूच्या एका शेतात खतासाठी बसायला होत्या. मुलगी आठ वर्षांची, विजयमाला. मेंढ्यांभोवतीची जाळी रोवताना गवतात घोणसनं पायाला धरलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं.

आमच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम. त्यांनी मुलीचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टॅंडवर उभी करून ठेवली. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग कलंडवायची, रक्त गोठलं असेल तर ते जागचं हलत नाही. वीस मिनिटांनी मॅडमनी नळी कलंडवली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

“दहा बाटल्या,” त्या म्हणाल्या. “भाऊसाहेब, तुम्हीच आत या. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे अडकल्यात.”

“दहा?” येडू म्हणाला. “लई बारकी हाय वो ती. मोठ्या माणसायवढं?”

मी पुस्तकातलं कारण सांगायला तोंड उघडलं.

“आरं पावन्या, सापानं काय वय इचारून इख सोडलं व्हय?” बिरुदेव म्हणाला. येडूला पटलं.

मी दहा बाटल्या ट्रेमध्ये मांडल्या. पहिलीत पाणी सोडलं. आयुष्यभर मी लस फ्रीजमधून काढून दिली होती. आजारी माणसाशेजारी उभं राहून ती तयार करायची वेळ कधी आली नव्हती. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे दात लाल झाले होते. भुकटी बाटलीच्या तळाशी तशीच बसलेली. विरघळेना. मी बाटली हलवली. आणखी जोरानं हलवली. आत पांढरा फेस चढला, गळ्यापर्यंत. मी दुसरी घेतली. तिचंही तेच.

कुणीतरी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“भाऊसाहेब, घुसळू नगा. ताक न्हाय त्ये.”

बनाबाई रडता रडता हसली. मुलगीसुद्धा हसल्यासारखी वाटली. मॅडमनी वर पाहिलं, फेसाच्या बाटल्या पाहिल्या, आणि पुन्हा मुलीची नाडी धरली. बिरुदेवनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली. मग तो मुलीच्या उशाशी स्टुलावर बसला आणि एकेक बाटली तळव्यांत फिरवू लागला, सावकाश, जणू त्याला संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही. फिरवता फिरवता तो मुलीशी बोलत होता. कोकरं किती? त्यातलं तुझं कुठलं? नाव काय त्याचं? ती एका एका शब्दानं उत्तर देत होती. बाटली स्वच्छ झाली की तो ती मॅडमकडे द्यायचा, आणि पाणी सोडलेली पुढची माझ्याकडून घ्यायचा. मी त्याला बाटल्या देत होतो. त्या दुपारी मी त्याचा मदतनीस होतो.

फेस झालेल्या दोन बाटल्या बाजूला राहिल्या. तासाभरात फेस बसला आणि मॅडमनी त्याही वापरल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. मला वाटतं, बिघडलं असतं तर पुढचं मी केलं नसतं. माझ्या चुकीमुळे कुणी वाईट बोललं असतं, तर मी त्या दिवशीच चूक कबूल करून वाकलो असतो. पण कुणी काही बोललंच नाही. फक्त सगळ्यांनी पाहिलं, की माझं ज्ञान त्याच्या हातात होतं आणि माझ्या हातात नव्हतं.

सहाला मुलीची लघवी कमी झाल्याचं मॅडमच्या लक्षात आलं. घोणसचं विष मूत्रपिंडांवर जातं. त्यांनी तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. रुग्णवाहिकेच्या दारात बिरुदेवनं तिला उचलून आत ठेवलं. येडूच्या हातात कागद होता. त्यावर औषधं दिल्याचा माझा शिक्का होता आणि शिक्क्यात माझं नाव. बिरुदेवला शिक्का नव्हता.

ती गेली. पुढे काय झालं, आम्हाला कुणालाच कळलं नाही. मेंढपाळांचा तळ दोन दिवसांनी हलला.

बिरुदेव मात्र विचारत राहिला. बाजाराच्या दिवशी नातेपुत्याकडचं कुणी आलं की, “तुमच्याकडं वाघमोड्याची एक बारकी पोरगी... घोणस चावलेली... काय कळलं का?” लोक माना हलवत. वाघमोडे शंभर.

नोव्हेंबरात पत्र आलं. खिडकीत बसूनच मी ते उघडलं. पहिली ओळ वाचून मला मनापासून आनंद झाला. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. तो आनंद चौथ्या ओळीपर्यंत टिकला. ‘त्ये कोण?’

मी उत्तराचे तीन कागद लिहिले. पहिल्यात ‘हे सर्व रुग्णालयाचे सामूहिक श्रेय आहे’ असं लिहिलं आणि नाव टाळलं. दुसऱ्यात ‘ते आमचे शिपाई असून त्यांना सदर पद्धत मी शिकवली होती’ असं लिहिलं, आणि पुन्हा नाव टाळलं. तिसऱ्यात मी माझंच नाव लिहिलं. वेणीमाधव, वडिलांचं नाव, आडनाव. सुवाच्य, तक्त्यावर लिहितो तसं. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. काळ्या घोंगड्याच्या काठावर ती पांढरी अक्षरं मला दिसलीसुद्धा. मग तिन्ही कागद फाडले आणि पत्र पुस्तकात ठेवलं. उद्या लिहू, असं मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात बिरुदेव खिडकीशी आला.

“भाऊसाहेब, त्या पोरीचं काय कळलं का वो? तुमची टपाल येती, म्हणून इचारलं.”

पुस्तक माझ्या कोपराखाली होतं.

“नाही,” मी म्हणालो.

“जगली आसंल,” तो म्हणाला, आणि स्ट्रेचर ढकलत गेला.

थंडी पडली. सकाळच्या पाळीला तो रुग्णालयाच्या पायऱ्यांवर दवाखान्याची विटकी चादर खांद्यावर घेऊन बसायचा. मी त्याच्या शेजारून आत जायचो. तो उठून उभा राहायचा, दरवेळी.

*

हे सगळं मी मालतीला सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी, मधे दोनदा पाणी प्यायलो. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं.

“घोंगड्याचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “मुलगी जगली, हे तरी त्याला सांगायचं होतं.”

“हो.”

“तो होटगीला असतो. गेल्या दिवाळीला त्याच्या बायकोचा फोन होता, अर्धांगाचा झटका येऊन गेला म्हणून. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. मी ‘अरेरे’ म्हटलं होतं आणि वाचत राहिलो होतो.

“उद्या जा,” ती म्हणाली. “मी येणार नाही. मी आले की मलाच बोलायला लावाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगाचटणीची बरणी पिशवीत आणि पत्र खिशात घालून मी होटगीच्या बसमध्ये बसलो. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरात राहत होतो; तिथून अर्ध्या तासाचा रस्ता. वीस वर्षांत मला तो जमला नव्हता.

घर रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं, पत्र्याच्या पडवीचं. श्रीदेवी, बिरुदेवची बायको, दारातच होती. “बर्री, बर्री,” तिनं कानडीत या म्हटलं, आणि आत ओरडली, “कोण आलंय बघा!”

बिरुदेव बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. ओळखू येईल एवढाच उरला होता. त्याच्या दोन तळव्यांमध्ये एक छोटं लाटणं होतं. डावा हात ते पुढे-मागे फिरवत होता. उजवा नुसता त्याच्याखाली पडून होता.

“भाऊसाहेब! आरं द्येवा! बसा की. हितं, हितं.” जीभ थोडी जड झाली होती. “ह्ये बघा, दागतरनं सांगितलंय. रोज दोनशे येळा. लाटणं आमाला आन् पोळ्या शेजारणीला.”

“दोनशे कुटलं,” श्रीदेवी म्हणाली. “पन्नास झालं की झोपत्यात.”

“मोजती बघा ही. जेलर हाय.”

चहा आला. आम्ही मॅडमबद्दल बोललो, त्या निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. रुग्णालयाच्या नव्या इमारतीबद्दल बोललो. माझा हात दोनदा खिशाकडे गेला आणि परत आला.

“गावात आजून येत्यात माझ्याकडं,” बिरुदेव म्हणाला. “साप चावला की आदी हितं. म्या म्हंतो, हितं काय ठेवलंय? गाडी काढा, दवाखान्यात पळा. तितं लस हाय. मंतर न्हाय, दोरी न्हाय. आमच्या भाऊसाहेबांनी आमाला शिकिवलंय.”

“मी?”

“मग कोण? त्यो इंग्रजी कागद तुमीच न्हाय का वाचला? दोन येळा वाचला. न्हायतर मला काय ठावं, घोडं सोसतंय का गाढव?”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जे श्रेय मी वीस वर्षं दाबून धरलं, ते हा माणूस गावभर वाटत होता, आणि त्याला ते जड गेलं नव्हतं. इथेही तो माझ्यापुढेच होता. बाजेवर पडलेल्या, एक हात गेलेल्या माणसाचा मी त्या क्षणीही हेवा करत होतो. मी स्वतःला घाबरलो आणि पत्र बाहेर काढलं.

“बिरुदेव, एक पत्र आहे. वाचून दाखवू?”

“वाचा की.”

मी वाचलं. गुरुजींचं शुद्ध वाक्य, मग येडूचं. ‘पोरगी बरी हाय’ म्हटल्यावर लाटणं थांबलं.

“कुटली पोरगी?”

“वाघमोड्यांची. विजयमाला. घोणस...”

“जगली?”

“जगली.”

“परत वाचा.”

मी पहिल्यापासून वाचलं.

“त्ये पळायचं परत वाचा येवढं.”

“‘आता कोकरामागं पळतीया.’”

त्यानं डोळे मिटले. मी पुढचं वाचलं. बनाबाईची लोकर, काठ, नाव. ते त्यानं ऐकलं की नाही मला कळलं नाही. रुळांवरून एक मालगाडी गेली, लांबलचक, आणि आम्ही तिघंही ती संपायची वाट बघत बसलो.

“कवाचं हाय पत्र?” श्रीदेवीनं विचारलं.

मी तारीख सांगितली. महिन्यासकट.

तिनं बिरुदेवकडे पाहून कानडीत काहीतरी म्हटलं, दोनच वाक्यं. त्यांचा सूर कळायला मला कानडी यायची गरज नव्हती. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली.

“मी तुला नाही म्हणून सांगितलं होतं,” मी म्हणालो. “तू विचारलंस तेव्हा पत्र माझ्याकडे होतं. मला... तुझं नाव लिहवेना.”

बिरुदेव लाटण्याकडे बघत होता.

“त्या येळी सांगायचं हुतं, भाऊसाहेब,” तो म्हणाला.

तेवढंच. मी आणखी काहीतरी यायची वाट पाहिली. शिवी, निदान प्रश्न. आलं नाही. थोड्या वेळानं डावा हात पुन्हा फिरू लागला.

“ती आता लई मोठी झाली आसंल,” तो स्वतःशीच म्हणाला. “लगीन झालं आसंल. पोरंबाळं.” मग माझ्याकडे वळून, “त्यांला लिवा. वाट बगितली आसंल त्यांनी बी. लोकर काय राहत न्हाय इतकी वर्सं, कसर खाती. पर लिवा.”

“तुझं पूर्ण नाव सांग.”

“तुमाला ठावं हाय की.”

“तू सांग. मी लिहून घेतो.”

त्यानं सांगितलं. मी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली. निघताना तो उठून उभा राहायला गेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. आधी कधी मी त्याला हात लावल्याचं मला आठवत नाही.

श्रीदेवी दारापर्यंत आली नाही.

*

आंतरदेशीय पत्र अजून मिळतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पोस्टातल्या मुलीला खण उघडून शोधावं लागलं.

घरी येऊन आधी मी साध्या कागदावर मसुदा केला, सवयच आहे. त्यात एक वाक्य आलं: ‘त्यांना ही पद्धत मी वाचून दाखवली होती.’ वाक्य खरं होतं. बिरुदेव स्वतः ते गावाला सांगतो. मी ते तीनदा वाचलं. चांगलं उतरलं होतं. पक्क्या पत्रात मी ते घेतलं नाही.

पक्कं पत्र असं झालं:

‘श्री. येडू वाघमोडे किंवा चि. विजयमाला यांस. आपले दिनांक २१ नोव्हेंबर २००५ चे पत्र मिळाले होते. आपण विचारलेले नाव मला तेव्हाच माहीत होते. कळवले नाही, ही माझी चूक आहे, टपालाची नाही. आपली मुलगी वाचली हेही मी त्यांना काल सांगितले. त्यांना फार आनंद झाला. ते आपली चौकशी अनेक वर्षे करत होते. घोंगडे विणले असेल वा नसेल, नाव आपल्याजवळ असावे.’

त्याखाली जागा सोडून मी नाव लिहिलं. समोर ठेवून सुईनं शिवता येईल एवढ्या मोठ्या, सुट्या अक्षरांत. बिरुदेव रुद्रप्पा पुजारी. मु. पो. होटगी. तक्त्यासाठी जपून ठेवलेलं जाड निबाचं पेन अजून चालत होतं. त्या अक्षरांत मी काही उणं ठेवलं नाही.

मालती मागे येऊन उभी राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, “पत्ता तर त्या गुरुजींचा. ते तिथं असतील का आता?”

“नसतील.”

“आणि मेंढरांच्या मागची माणसं. कुठं शोधायचं पोस्टमननं?”

“माहीत नाही.”

खाली मी माझी सही केली. मग पत्राची घडी घातली, कडा चिकटवल्या, आणि ते उलटं केलं. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहायच्या चौकटीवर पेन थोडा वेळ थांबलं. पत्र पोचलं आणि तिकडून काही आलं, तर ते या चौकटीतल्या पत्त्यावर येणार. न पोचता परत आलं तरीही तिथेच येणार. मी तिथे होटगीचा पत्ता लिहिला. आता काय होतं ते मला कळणार नाही. कळलं तर बिरुदेवनं सांगितल्यावर.

पेटी आमच्या गल्लीच्या टोकाला, दूध केंद्राशेजारी आहे. लाल रंग उडालेला, झडप गंजून घट्ट झालेली. टपाल नेण्याची वेळ लिहिलेली पाटी वाचता येत नव्हती. मी झडप बोटांनी आत ढकलून धरली आणि पत्र सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट आला. आत दुसरं पत्र नसावं.